यादीत नसलेली सुतळी

“हे काय आहे, धाकूदादा?”

“सुतळी.”

“ते मला दिसतंय. इथं कशाला?”

“आता ती काय मला सांगून आली?”

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास, सोलापुरातल्या एका नाट्यगृहाच्या रंगमंचावर मी गुडघे टेकून बसले होते. गालिच्याची कड माझ्या हातात होती. तिच्याखाली करंगळीएवढी जाड सुतळी होती. डावीकडच्या आरामखुर्चीपासून निघालेली, थेट मागच्या दारापर्यंत गेलेली आणि हातहातभर अंतरावर चिकटपट्टीनं डकवलेली. गालिच्यावरून चालताना तळव्याला काहीतरी टोचलं म्हणून मी कड उचलली होती. चारला प्रयोग होता.

मी कमरेची यादी काढली. आमच्या नाटकात रंगमंचावर एकशे त्रेचाळीस वस्तू लागत. आरामखुर्ची एक नंबर, काठी एकोणतीस, काचेचा तांब्या अठ्ठ्याऐंशी, मागच्या दाराला लटकवलेलं कुलूप एकशे त्रेचाळीस. मी वरून खाली आणि खालून वर वाचली. सुतळी नव्हती.

“यादीत नाही,” मी म्हणाले.

“राहू दे गो. मामांची असेल.” धाकू गवस नेपथ्य लावणारा. वीस वर्षं खिळे ठोकून त्याचा आवाजही ठोकल्यासारखा झाला होता.

“यादीत नाही ती वस्तू रंगमंचावर नाही. नियम मामांचाच आहे.”

“यादीत तर मीपण नाय. मलापण टाकशील काय भायेर?”

मी हसले आणि सुतळी उपटली. तेवढ्यात टेम्पोवाला ताडपत्री बांधायला काहीतरी मागत आला. मी तिचं भेंडोळं त्याच्या हातात ठेवलं. त्याची सासुरवाडी सोलापुरातच होती. ताडपत्री बांधून तो तिकडे जेवायला गेला आणि मी गालिचा असा सपाट केला की त्यावर गोटी ठेवली तर हलली नसती.

त्या दिवशी मला सगळं असंच सपाट हवं होतं, त्याला कारण होतं. माझ्या पिशवीत एक लांब पाकीट होतं आणि त्यात एक कोरा फॉर्म. वर लिहिलं होतं, ‘ताराबाई वझे रंगसेवा शिष्यवृत्ती: मार्गदर्शकाचा सहामाही अहवाल’. ताराबाई वझे ही जुनी नटी. मरताना तिनं आपलं असेल-नसेल ते एका ट्रस्टच्या नावे केलं आणि लिहून ठेवलं: ‘पस्तीस वर्षं कुणीतरी मला वेळेवर काठी दिली, वेळेवर पडदा पाडला. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला आठवत नाही. हा पैसा विंगेत उभं राहायला शिकणाऱ्यांना द्यावा.’ दरवर्षी दोन मुलांना वर्षभर शिष्यवृत्ती मिळे आणि प्रत्येकाला एका मुरलेल्या रंगमंच व्यवस्थापकाच्या हाताखाली देत. मात्र सहा महिन्यांनी गुरूचा अहवाल जाई. तो बरा असला तर पुढचे सहा महिने, नाहीतर आला तसा माणूस परत.

परत म्हणजे माझ्या बाबतीत इस्लामपूर. थोरल्या भावाचं, बजरंगदादाचं, पत्र आदल्या आठवड्यात आलं होतं. ‘पतसंस्थेत तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली आहे. नाटकात खुर्च्या हलवण्यापेक्षा एका खुर्चीवर बसलेलं बरं. आणि एक स्थळही आहे, मुलगा त्याच संस्थेत आहे.’ दादाला एका दगडात दोन पक्षी मारायची हौस. पक्ष्यांना विचारायची त्याला सवय नव्हती.

अहवाल सोमवारी मुंबईत पोचायला हवा होता. आणि माझे मार्गदर्शक होते तातू पेडणेकर, सगळ्यांचे मामा.

मामा साठीला टेकलेले, बुटके, उजव्या गुडघ्याला कायम पट्टा. मुंबईत चाळीस वर्षं काढून त्यांची भाषा चांगली घासूनपुसून झाली होती, पण राग आला की माया आली की आतलं मालवण बाहेर येई. राग की माया, ते आपण ओळखायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बोट दाखवलं.

“ह्या काढायच्या. विंगेत वाजतात.”

“आई रागवेल, मामा. मोकळे हात बरे नव्हेत.”

“आईक सांग, थंय काळोखात हात कोण बघता? आणि कपडे काळे. प्रेक्षकाला तू दिसलीस तर तुझं काम चुकलं.”

मला माणसं नोंदवून ठेवायची सवय लहानपणापासूनची. दुकानात कोण किती वेळा मागे वळून बघतं, पंगतीत कोण कुणाच्या पानाकडे बघतं, हे माझ्या वहीत असे. नाटक कंपनीत तर मला कुरणच मिळालं. नायिका रंगमंचावर जाण्यापूर्वी सात वेळा खोकते. खलनायक मेकअप उतरवताना आईला फोन लावतो. आणि आप्पा गोळे, आमचे मुख्य नट, चौसष्ट वर्षांचे, ज्यांच्या नावावर तिकिटं खपत, त्यांची नोंद अशी होती: ‘अंधारात बाकी सगळे जमिनीवर चमकणाऱ्या रेडियमच्या पट्ट्या बघून धावतात. आप्पा धावत नाहीत. पाय घासत, खोतासारखे चालतात. खुर्ची ते दार बरोबर अकरा पावलं, कधी बारा नाही. मिजास.’

मामांचीही नोंद होती. मामांकडे एक प्रयोगवही असे. प्रत्येक प्रयोगानंतर ते त्यात स्वतः लिहीत: तारीख, गाव, पडदा वर, पडदा खाली, ‘चूक’ आणि शेवटी ‘जबाबदार’. त्या रकान्यात त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. ‘आप्पा गोळे: एक वाक्य गिळलं.’ ‘धाकू गवस: करुण प्रसंगात शिंकला.’ ‘शालन खराडे: दुसरी घंटा देताना हसली.’ ही मी. वही दर सोमवारी निर्मात्याकडे, कामेरकरांकडे, जाई आणि ते तांबड्या शाईनं सही करत. त्यांचा एक रिवाज होता. पाचशेव्या प्रयोगाला ते एक चांदीची घंटा देत, पण ज्याचं स्वतःचं नाव त्या रकान्यात एकदाही नाही अशाच व्यवस्थापकाला. पंचवीस वर्षांत ती कुणाला मिळाली नव्हती. आमचा चारशे बासष्टावा प्रयोग होता आणि मामांचं नाव अजून आलं नव्हतं.

“मामा, वही तुम्हीच लिहिता,” मी एकदा छेडलं होतं. “तुमचं नाव येईल कसं?”

“माझी चूक दाखव, आत्ता लिहितो.”

मी पाच महिने शोधत होते. सापडली नव्हती.

त्या रविवारी मामांनी सकाळी गालिचा नेहमीप्रमाणे स्वतः अंथरला. तो ते नेहमी स्वतःच अंथरत आणि आम्हा सगळ्यांना तेवढ्या वेळात चहाला पिटाळत. मग विजेच्या माणसाशी भांडायला जाताना म्हणाले, “शेवटची तपासणी आज तू एकटीनं कर. मी बघणार नाही. अहवालात काय लिहायचं ते मलाही कळू दे.”

म्हणून ती सुतळी. म्हणून तो सपाट गालिचा.

चारला तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. नाट्यगृह भरलेलं होतं. आप्पा आरामखुर्चीत बसून पहिलं वाक्य बोलले आणि टाळी घेतली. मी विंगेत यादी छातीशी धरून उभी होते. मामा शेजारी आले. त्यांचं लक्ष गालिच्याकडे गेलं.

“बरा दिसतोय,” ते पुटपुटले. “जास्तच बरा दिसतोय. हात लावलास?”

“खाली कुणाची तरी सुतळी राहिली होती, मामा. आप्पा अडखळले असते. काढून टाकली.”

मामांची नजर आरामखुर्चीपासून मागच्या दारापर्यंत गेली. पाच महिन्यांत मी त्यांना रागावताना पाहिलं होतं, हसताना पाहिलं होतं, एकदा रडतानाही. असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“खंय आसा ती?” त्यांनी विचारलं.

“टेम्पोवाल्याकडे. तो सासुरवाडीला गेलाय.”

“अंधाराला किती वेळ आहे?”

“चार मिनिटं.”

पहिला प्रवेश संपला की पडदा पडत नसे, फक्त पूर्ण अंधार होई. तीस सेकंद सतारीचा तुकडा वाजे. तेवढ्यात आप्पांनी खुर्चीतून उठून, टेबल चुकवून, दोन पायऱ्या चढून मागच्या दारातून बाहेर जायचं. दाराआड ठेवलेली शाल आणि काठी घ्यायची. उजेड आला की दहा वर्षांनी परत आलेला म्हातारा म्हणून त्याच दारातून आत यायचं.

“आप्पाला काळोखात दिसत नाही,” मामा माझ्या कानाशी म्हणाले. “अजिबात. तीन वर्षं झाली. ती पट्टी-बिट्टी त्याला काही दिसत नाही. तो पायानं सुतळी चाचपत जातो.”

पाय घासत, खोतासारखे चालतात. मिजास. ही माझीच नोंद.

“कुणाला माहीत आहे?”

“त्याला, मला. आता तुला. कामेरकरांना कळलं तर पुढच्या रविवारी तिथं दुसरा नट बसलेला असेल. आणि आप्पा घरी बसला की आठवड्यात संपेल, ते मी तुला लिहून देतो.”

समोर उजेडात आप्पा सुनेशी भांडत होते. प्रेक्षक हसत होते. टेबलावर अठ्ठ्याऐंशी नंबरचा काचेचा तांब्या चमकत होता. रंगमंचाची पुढची कड खुर्चीपासून चार हातांवर होती आणि तिच्याखाली पुरुषभर खोल खड्डा, जिथं एके काळी वाजवणारे बसत.

मामा वाकून चपला काढायला लागले. त्यांचा गुडघा वाकेना. एका हातानं त्यांनी विंगेची चौकट धरली.

“मामा, तुम्ही नाही. मी जाते.”

“तुका वाट ठाऊक नाय, चेडवा.”

“खुर्ची ते दार अकरा पावलं. सहाव्या पावलावर टेबल, तिथं ते डावा खांदा मागे घेतात. नवव्याला जरा थांबतात. मग दोन पायऱ्या, पहिली उंच, दुसरी बुटकी.”

मामांनी चपलेवरचा हात काढला.

“वहीत आहे,” मी म्हणाले. “पाच महिने मोजतेय मी.”

“मग दुसरं काय लिहिलंस त्याच्याबद्दल?”

“ते नंतर सांगते.”

मी चपला काढल्या. ओढणी धाकूकडे फेकली. आप्पांचं शेवटचं वाक्य आलं आणि अंधार झाला.

त्या अंधारात मी पहिल्यांदा रंगमंचावर पाऊल टाकलं. नटी व्हायचं नाही म्हणून मुलाखतीत ठासून सांगितलेली मी, आठशे माणसांच्या समोर उभी होते आणि एकालाही दिसत नव्हते. खुर्चीचा हात सापडला. आप्पा उभे होते. त्यांचा उजवा पाय गालिच्यावर इकडून तिकडे फिरताना ऐकू येत होता. सुतळी शोधत होता. नसलेली.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला.

“तातू?” श्वासाएवढ्या आवाजात.

मला बोलता येत नव्हतं. मी पुन्हा हात धरला आणि बोटांनी त्यांच्या तळव्यावर टकटक केली. एक, दोन, तीन... अकरा. ते तसेच उभे. सतारीचा तुकडा अर्ध्यावर आला होता. मग त्यांचा अंगठा माझ्या मनगटावरून फिरला. मनगट बारीक आणि बिनबांगडीचं, म्हणजे विंगेतल्या मुलीचं. काय समजायचं ते समजले आणि त्यांनी आपलं सगळं वजन माझ्या हातावर सोडलं.

आम्ही चाललो. सहाव्याला मी त्यांचा खांदा मागे घेतला. नवव्याला थांबले. पहिली पायरी उंच, दुसरी बुटकी. सतार संपली. अंधारात नुसती शांतता राहिली. प्रेक्षकांत कुणीतरी खाकरलं. दाराबाहेर पोचताच मी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, काठी हातात दिली आणि उजेड आला.

आप्पा दारातून आत गेले. दहा वर्षांनी म्हातारे झालेले. सोलापूरच्या प्रेक्षकांनी टाळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. त्यांना वाटलं, तो काठीवरचा थरथरता हात अभिनय आहे.

प्रयोग साडेसहाला संपला. मी मेकअपच्या खोलीत चहा घेऊन गेले. आप्पा आरशासमोर बसून मिशी सोडवत होते. आरशातूनच म्हणाले, “पोरी, हात फार गार आहेत तुझे. चहा आधी तू घे.”

बस्स, एवढंच. पुढे सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, त्या दिवसाबद्दल आमच्यात दुसरा शब्द झाला नाही. मात्र प्रत्येक प्रयोगाला चहा आला की पहिला कप ते मला पुढे करत.

धाकू आणि मंडळी नेपथ्य उतरवत होती. मामा प्रेक्षागृहातल्या तिसऱ्या रांगेत, गुडघा लांब करून बसले होते. मला वाटलं, आता झडती.

“तो फॉर्म आण,” ते म्हणाले. “आणि पेन. माझं अक्षर त्या ट्रस्टवाल्यांना लागायचं नाही. तूच लिही.”

“माझा अहवाल मीच लिहू?”

“यादी तूच लिहितेस ना? मग.”

मी फॉर्म मांडीवर घेतला.

“वक्तशीरपणा.”

“लिही, घड्याळ हिच्याकडे बघून लावावं.”

“मामा, एवढी जागा नाही.”

“मग ‘उत्तम’ लिही. जागेपुरतं.”

“टापटीप.”

“गरजेपेक्षा जास्त.” ते रंगमंचाकडे बघत होते. धाकू गालिच्याची गुंडाळी करत होता.

“दोष,” मी वाचलं आणि पेन थांबलं. त्या ओळीनंतर मला इस्लामपूर दिसत होतं. खुर्ची आणि तिच्याशेजारच्या खुर्चीतला मुलगा. “मामा, सुतळीचं लिहू?”

“कुठली सुतळी?”

“अहो, ती...”

“यादीत होती?”

“नाही.”

“यादीत नसलेल्या वस्तूचं कागदावर कसं येईल? नियम माहीत नाही तुला?” मग म्हणाले, “लिही. रंगमंचावर जे आहे ते सगळं यादीत असतं, असा हिचा समज होता. तो दूर झाला आहे. तारीख टाक.”

“कुठली?”

“आजची. दुसरी कुठली?”

मी तारीख टाकली. 

“शेवटी काय आहे?”

“शिफारस.”

“लिही. चुका करण्याची हिची हौस मोठी आहे. राहिलेल्या चुकांसाठी आणखी सहा महिने द्यावेत.”

खाली त्यांनी सही केली. खरंच, ती कुणालाही लागली नसती.

मग त्यांनी प्रयोगवही काढली. ती त्यांनी मला दिली नाही. शाळेतला पोरगा पाटी झाकतो तसा डावा हात आडवा धरून लिहिलं. बघू नये ते मी बघायचा प्रयत्न केला. एवढंच दिसलं की एरवी ते एक ओळ लिहीत, त्या दिवशी दोन लिहिल्या. मला वाटलं, दुसरी ओळ माझी. लिहिलीच पाहिजे होती, म्हणून मी काही बोलले नाही.

अहवाल पोचला. पुढचे सहा महिने मिळाले. बजरंगदादानं पतसंस्थेतली ती खुर्ची मेव्हण्याला दिली. स्थळानं दुसरी मुलगी बघितली आणि दोघं सुखी आहेत असं ऐकते.

चार महिन्यांनी पाचशेवा प्रयोग झाला. कामेरकरांनी भाषण केलं, सगळ्यांना नारळ-शाल दिली, चांदीची घंटा मात्र डबीतच राहिली. आम्ही चकित झालो.

“मामा, घंटा राहिली की हो!” मी परतीच्या बसमध्ये म्हणाले. “कामेरकर विसरले. उद्या आठवण करून देऊ?”

“नको गो. चांदीची घंटा वाजणा नाय. काय करूचा तिचा?”

आणि खिडकीला डोकं टेकून ते झोपले. खरोखर झोपले की नाही, याची माझ्याकडे नोंद नाही.

मामांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलीनं, प्रमिलानं, मला बोलावून एक पत्र्याची ट्रंक दिली. “बाबांच्या वह्या. रद्दीवाल्याला द्यायचा जीव होईना. तुला काही उपयोग असला तर बघ.”

एकतीस वह्या. मी चार दिवस घरातून बाहेर पडले नाही. एकेक पान, प्रत्येक पानावरचा शेवटचा रकाना. साडेतीन हजारांच्या वर प्रयोग. आप्पा, धाकू, मी, विजेची माणसं, एकदा तर नाट्यगृहातली मांजर. पेडणेकर कुठंच नाही.

सोलापूरचं पान मी शेवटी ठेवलं होतं. माझी चूक माझ्या गुरूच्या अक्षरात वाचायला तयारी लागते. त्या पानावर असं होतं:

‘दुसऱ्या प्रवेशाआधी अंधार सात सेकंद लांबला. नव्या मुलीला जे सांगायला हवं होतं, ते वेळेवर सांगितलं नाही.’

आणि जबाबदारच्या रकान्यात, लागायला पंधरा मिनिटं लागली असं अक्षर: ‘ता. पेडणेकर’. खाली कामेरकरांची तांबडी सही.

आप्पांचे डोळे त्या पानावर नव्हते. सुतळी नव्हती. मीही नव्हते.

आता त्या शिष्यवृत्तीची मुलं माझ्याकडे येतात. सध्या परभणीची मुक्ता घुगे आहे. फार नीटनेटकी. गेल्या रविवारी दुसऱ्या अंकातली मळकी शाल तिनं हौसेनं धुतली, इस्त्री केली आणि घडी घालून ठेवली. तीन वर्षं रस्त्यावर राहिलेला भिकारी परीटघडीची शाल पांघरून आला. प्रेक्षक करुण प्रसंगात खदखदून हसले. नट माझ्यावर भडकला. मुक्ता विंगेच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“ताई, माझा अहवाल पुढच्याच आठवड्यात आहे ना?” तिनं भिंतीलाच विचारलं.

“आहे. तूच लिहायचा आहेस, मी सांगेन तसा. आधी चहा घे.”

मग मी प्रयोगवही उघडली, डावा हात आडवा धरला आणि शेवटच्या रकान्यात ‘शालन खराडे’ लिहिलं. नंतर सवयीनं मागची पानं मोजली. मामांच्या एकतीस वह्यांत त्यांचं नाव एकदा आहे. माझ्या अकरा वह्यांत माझं सात वेळा.

मुलंही आजवर सातच आली.